डावा गाल

त्या वर्षी संत्री वीस दिवस आधी पिकली. उन्हाचा ताव असा लागला की झाडं एकदम पिवळी झाली, आणि खोक्यांच्या शेडमध्ये कुणाला मान वर करायला सवड उरली नाही. तोडलेली फळं बागेत ढिगानं पडलेली, ट्रक फाटकापाशी उभे, आणि खोकी नाहीत.

शेडमध्ये बारा बाक होते आणि बाराही बाकांवर पुरुष. बायका फळ्या निवडायच्या, गाठी असलेल्या बाजूला काढायच्या, उरलेल्या बाकांवर नेऊन द्यायच्या. ठोकणं पुरुषांचं. मूठभर खिळे तोंडात टाकायचे, डाव्या गालात साठवायचे, जिभेनं एकेक फिरवून डोकं पुढं आणायचं. ओठांत आला की डाव्या हातानं घ्यायचा, उजव्यानं दोन ठोके. तिसरा ठोका पडला तर ठोकणारा कच्चा. शिकताना प्रत्येकानं एखादा खिळा गिळलेला असतो आणि तो बाहेर पडेपर्यंत सगळी शेड रोज चौकशी करते.

सात नंबरच्या बाकावरच्या माणसाला सगळे ठोक्या म्हणत. वय एक्कावन्न, तीस वर्षं शेडमध्ये. आधी त्या बाकावर त्याचा थोरला भाऊ होता. पाच वर्षांपूर्वी तो गेल्यावर बाक ह्याच्याकडे आला. थोरल्या भावाची बायको ह्याच्याच घरात राहायची आणि तिची जीभ अजून शाबूत होती. "भावजींच्या तोंडात दिवसभर खिळे असतात," ती म्हणायची, "म्हणून ह्या घरातला संसार टिकला."

मंगळवारी फळी फाटली आणि खिळा ठोक्याच्या अंगठ्यात गेला. त्यानं दातानं ओढून काढला, फडकं बांधलं आणि ठोकत राहिला. दुपारी हात मनगटापर्यंत ठणकायला लागला, तेव्हा मुकादमानं स्वतःच त्याला दवाखान्यात पिटाळलं. "धनुर्वात झाला तर बाक रिकामा पडेल माझा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात माया शोधायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

दवाखाना म्हणजे रस्त्याकडेच्या दोन खोल्या. सात वर्षं तिथं कुलूप होतं. मागच्या वर्षी नर्सबाई आली तेव्हा तिनं पहिल्यांदा कुलपात तेल घातलं आणि ते उघडत नाही म्हटल्यावर कडी तोडली. वजनकाटा, औषधांचं कपाट, एक खाट, आणि रबर गुंडाळून धरलेली बॅटरी. गुडघा दुखो की पोराला जंत होवोत, आलेल्या प्रत्येकाच्या तोंडात ती बॅटरी मारायची. लोकांनी त्यावर विनोद करून झाले होते.

"आ करा, काका."

"इंजेक्शन दंडात देतात ना?"

"दंडातच देणार. आ करा."

ठोक्यानं आ केला. तिनं बॅटरी डावीकडे नेली आणि तिथंच धरली. मग हातमोजा चढवून बोट आत घातलं. गालाच्या आतल्या बाजूला, सदऱ्याच्या गुंडीएवढा पांढरा चट्टा, कडेनं लाल. बोटाखाली कडक लागत होता.

"किती दिवस झाले ह्याला?"

"खिळ्यानं लागतं. सगळ्यांनाच असतं तसलं."

"मी सगळ्यांचं विचारलं नाही."

ठोक्यानं छताकडे पाहिलं. "असतील तीन-चार महिने."

"दुखतं?"

"नाही. म्हणून तर."

"म्हणून तर मला आवडत नाहीये," नर्सबाई म्हणाली. तिनं इंजेक्शन दिलं, अंगठा धुतला, पट्टी बांधली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाभोवती गोल काढला. "आजपासून चौदा दिवस तोंडात खिळा नाही, तंबाखू नाही. खिळ्याचं असेल तर एवढ्यात भरून येईल. नाही आलं तर पुढचं बघू. पंधराव्या दिवशी या."

"बाई, हंगाम आहे."

"मला दिसतो की. ट्रक माझ्या दारावरून जातात. तुम्ही आला नाहीत तर मी शेडमध्ये येईन आणि सगळ्यांसमोर आ करायला लावीन."

घरी फक्त अंगठा दाखवायचा असं त्यानं ठरवलं होतं. पण दवाखान्यात त्याच वेळी शेजारीण बाळाला लस द्यायला आली होती, आणि तो घरी पोचायच्या आधी त्याचा गाल घरी पोचला होता. थोरली वहिनी दारातच उभी होती.

"भावजी, आ करा."

"आज सगळ्या बायकांना माझ्या तोंडात काय बघायचंय?"

"आ करा म्हणते ना!"

तिनं फार वेळ पाहिलं नाही. आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. थोड्या वेळानं, कुणाकडेही न बघता म्हणाली, "ह्यांचंही असंच होतं. तिथंच. गुंडीएवढं. खिळ्याचं आहे म्हणाले, मीही म्हणाले खिळ्याचंच. मग तोंड उघडेना. मग मी नळीनं पाणी घालायचे."

ठोक्याच्या बायकोला त्याची आठवण होती. थोरल्या दिराचं तोंड पुसायची फडकी तिनंच धुतली होती, वर्षभर, आणि त्यांचा वास हाताला यायचा तो साबणानं जायचा नाही. तिनं नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची पिशवी काढली आणि चुलीत टाकली.

"अगं, नवी होती ती!"

"असू दे. चांगली पेटते."

बुधवारी ठोक्यानं खिळे एका डब्यात ओतले आणि डबा बाकावर ठेवला. डब्यात हात घातला की खिळे उलटेसुलटे लागायचे, टोकं नखांत जायची, एक उचलायला गेलं की चार चिकटून यायचे. जीभ जे तीस वर्षं न बघता करत होती ते बोटांना जमेना. त्यातून अंगठ्याला पट्टी. शेजारच्या आठ नंबरवरचा चष्मेवाला दोन खोकी उतरवायचा तेव्हा ह्याचं एक व्हायचं.

"काय रे, डबा घेऊन आलास?" चष्मेवाला खिळ्यांमधून बोलला. "वहिनींनी जेवण कमी दिलं वाटतं."

शेड हसली. तोंडात खिळे धरून हसायला कसब लागतं. ते सगळ्यांकडे होतं.

मुकादम पाठीमागे येऊन उभा राहिला. खोकी मोजली. ठोक्याची मान तापली. गुरुवारी मुकादम दोनदा आला. शुक्रवारी म्हणाला, "त्या बाईला काय, तिला महिन्याचा पगार आहे. तिनं सांगायचं आणि आम्ही संत्री सडवायची."

शनिवारी सकाळी फळ्यांचा भारा घेऊन बायको सात नंबरपाशी आली, तेव्हा डबा बाकाखाली गेला होता आणि नवऱ्याचा उजवा गाल फुगलेला होता.

तिनं भारा दाणकन टाकला. "हे काय?"

"म्म."

"थुंका आधी!"

त्यानं खिळे हातात काढले. कुणाचं लक्ष नाही असं पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "बाईनं डाव्या गालाला बंदी घातलीय. उजव्यानं काय घोडं मारलंय?"

"तिनं तोंडात नाही म्हटलं होतं."

"डाव्याला एकही लागू देत नाही. शपथ. तंबाखूही नाही. जीभ बघ कशी सोलून निघालीय, उलट्या बाजूनं फिरवायची म्हणजे खेळ नाही."

तिनं भाऱ्याची दोरी सोडली. भांडून भागणार नव्हतं हे तिला कळत होतं. डब्यानं काम होत नव्हतं हे खरंच होतं. दुपारच्या सुटीत ती शेडमागे गेली. तिथं तेलाचे रिकामे डबे पडलेले असायचे. एकाची बाजू तिनं पत्रा कापायच्या कात्रीनं काढली, तीन कडा वर दुमडल्या आणि तळाला लांब, सरळ चिरा पाडल्या. चिरेतून खिळ्याची दांडी जावी, डोकं अडकावं, एवढ्याच रुंद. खिळे ओतून तिनं पत्रा हलवला. काही खाली पडले, काही आडवे राहिले, आणि पाच-सहा चिरांत उतरून डोक्यावर लटकले, ओळीनं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखे.

"खेळणं केलंस," ठोक्या म्हणाला.

"हो. तुम्ही खेळू नका. मी खेळते."

पुढचे आठ-नऊ दिवस ती दुपारच्या सुटीत शेडमागे फाटक्या फळ्यांवर ठोकत राहिली. चिरा पहिल्यांदा रुंद झाल्या, तो पत्रा टाकला. दुसरा केला. पत्रा थोडा कलता धरला की खिळे आपोआप पुढं सरकतात हे तिसऱ्या दिवशी कळलं. एकदा हातोडी बोटावर बसली, नख काळं पडलं. तिनं ते थोरलीला दाखवलं. थोरली म्हणाली, "आता शोभतेस घरातली."

पंधराव्या दिवशी ठोक्या दवाखान्यात गेला तो ऐटीत. बायको आणि थोरली मागून. खाटेवर बसून न सांगता त्यानं आ केला.

नर्सबाईनं डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. परत डावीकडे. मग बॅटरी खाली ठेवली.

"खिळे सोडले होते?"

ठोक्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं कपाटाकडे पाहिलं.

"खरं सांगा. रागावणार नाही."

"सोडले होते. म्हणजे डावीकडचे."

"म्हणजे?"

"उजवीकडे धरत होतो," तो म्हणाला. "अकरा दिवस. मूठमूठ. बाई, काम बंद पडलं होतं."

थोरलीनं कपाळावर हात मारला. पण नर्सबाई रागावली नाही. ती पुढं वाकली आणि बोलायच्या आधी तिनं शब्द नीट जुळवून घेतले.

"काका, तुमच्या उजव्या गालात काही नाही. दोन ओरखडे आहेत, परवापर्यंत जातील. अकरा दिवस मूठमूठ खिळे, तरी गाल साफ आहे. डाव्या गालात चौदा दिवस काहीच नव्हतं. खिळा नाही, तंबाखू नाही. तो आहे तसाच आहे. कड थोडी वाढलीच आहे."

 बाहेर एक ट्रक गेला, कपाटातल्या बाटल्या खणखणल्या.

"म्हणजे खिळ्याचं नाही," ठोक्या म्हणाला.

"खिळ्याचं नाही."

तीस वर्षांत त्यानं खिळ्यांना पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. आज ते निर्दोष सुटले.

"मग हंगाम संपला की जातो मोठ्या इस्पितळात. सहा आठवडे."

"फळ थांबत नाही म्हणून तुम्ही सगळे धावताय. हे थांबेल असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तिनं फोन उचलला. पलीकडचा माणूस काहीतरी पुढच्या महिन्याचं बोलत असावा, कारण ती दोनदा म्हणाली, "नाही, गुरुवार," आणि तिसऱ्यांदा नुसतंच, "गुरुवार." मग तिनं कागद लिहिला. चट्टा कुठं, केवढा, पहिल्यांदा कधी पाहिला, चौदा दिवस काय केलं, काय झालं. अकरा दिवसांच्या उजव्या गालाचंही लिहिलं. "हे कुठल्याही डॉक्टरनं वाचलं की त्याला परत चौदा दिवस थांबा म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "कॅन्सर असेलच असं मी म्हणत नाही. पण असेल तर तो आत्ता गुंडीएवढा आहे. गुंडी कापून काढता येते."

"ह्यांच्या वेळी इथं कुलूप होतं," थोरली म्हणाली. एवढंच. नर्सबाईनं मान हलवली.

बुधवारी ठोक्यानं मुकादमाला सांगितलं. मुकादम खोकी मोजत होता, मोजणी चुकली म्हणून आधीच वैतागला होता.

"हंगामात जागा सोडली तर जागा गेली. तीस वर्षं आहेस, नियम तुला सांगायला नको."

"माझा भाऊ ह्याच बाकावर..."

"तुझा भाऊ हात चालेपर्यंत बाकावर होता. त्याला म्हणतात कामाचा माणूस."

ठोक्यानं हातोडी बाकावर ठेवली. तो काही बोलायच्या आत त्याची बायको फळ्यांच्या ढिगाकडून आली, हात पदराला पुसत.

"जागा रिकामी राहणार नाही," ती म्हणाली. "मी बसते."

मुकादम हसला. "बायका खिळे ठोकत नाहीत."

"बायका खिळे तोंडात धरत नाहीत. ठोकत नाहीत असं कुठं लिहिलंय? दाखवा."

"अहो वहिनी, दहा खोक्यांत रडाल."

"मग अकराव्याला उठवा."

तिनं पत्रा आणला, बाकाच्या डाव्या अंगाला दोन खिळ्यांनी पक्का केला, मूठभर खिळे ओतले, हलवला. खिळे चिरांत लटकले. बाकांवरची ठकठक मंदावली. सगळे माना वळवून बघत होते. पहिल्या खोक्याला ती घाबरली आणि एक खिळा वाकला. चष्मेवाला काहीतरी बोलायला गेला, पण त्याचं तोंड भरलेलं होतं. चौथ्या खोक्यापासून तिचा हात लागला. अकराव्या खोक्याला मुकादम तिथं नव्हता. त्याला ट्रकवाल्यानं बोलावलं होतं, किंवा तसं त्यानं सांगितलं.

गुरुवारी ठोक्या थोरलीबरोबर इस्पितळात गेला. खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटून पाहिला आणि पुढच्या महिन्याची तारीख लिहायला घेतली. थोरलीनं खिडकीत कोपर टेकलं.

"कागद सुलट धरा, बाबा. मग वाचा."

"आजी, रांग आहे मागं."

"मी एकदा ह्या रांगेत नवरा घेऊन उभी होते. तेव्हा माझ्याकडे कागद नव्हता. आज आहे. वाचा, नाहीतर मी मोठ्यानं वाचते. मला वाचता येत नाही, तेव्हा वेळ लागेल."

कारकुनानं वाचला. अर्ध्यावर आल्यावर तो उठून आत गेला. त्या दिवशी गालातला तुकडा काढला. आठ दिवसांनी निकाल आला. कॅन्सरच होता, पण नुकता सुरू झालेला, फार खोल न गेलेला. डॉक्टरांनी चट्टा आजूबाजूच्या चांगल्या मांसासकट काढला आणि गाल आतून शिवला. मानेला हात लावावा लागला नाही. घरी आला तेव्हा ठोक्याचा चेहरा सुजून भोपळा झाला होता आणि तो पेज पीत होता. नर्सबाई एक दिवसाआड घरी यायची, टाके बघायची, तोंड किती उघडतं ते बोटांनी मोजायची. पहिल्यांदा एक बोट. मग दीड. रोज शंभरदा उघडा, मिटा. थोरली समोर बसून मोजायची आणि ऐंशीच्या पुढं मुद्दाम चुकायची, म्हणजे परत सुरू.

"तंबाखूची आठवण येते का?" नर्सबाईनं विचारलं.

"वोव वेहे," तो म्हणाला. रोज येते.

"येऊ दे. ती आली की तोंड उघडा-मिटायला बसा."

हंगाम संपायला दहा दिवस होते तेव्हा दोन बोटं उघडायला लागलं. त्या दिवशी तो शेडकडे निघाला. फाटकापाशी नर्सबाई उभी होती, हातात बॅटरी, आणि मुकादम तिच्यासमोर आडवा.

"कामाच्या वेळात नाही म्हणजे नाही. एकेकाचं तोंड बघत बसलात तर माझी दुपार गेली."

"दुपारच्या सुटीत बघते."

"सुटीत ते जेवतात."

"जेवायच्या आधी. आ तर करणारच आहेत."

"बाई, तुमचा दवाखाना तिकडं आहे. ज्याला यायचं तो येईल."

"वर्षभरात शेडमधून आपणहून कोण आलं?"

ठोक्या दोघांच्या मधून आत गेला. मुकादम त्याला अडवायचं विसरला. शेडमध्ये ठकठक चालू होती. सात नंबरवर बायको बसली होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि आता नऊ नंबरवरच्या गड्यानंही तसलाच पत्रा लावलेला होता. ठोक्या तिच्याकडे गेला नाही. आठ नंबरपाशी गेला, चष्मेवाल्यासमोर वाकला आणि तोंड उघडलं. दोन बोटं. बोटानं गाल बाजूला ओढला. आत काळ्या दोऱ्याचे शेवटचे टाके होते आणि मधे मांस ओढलं गेल्याचा खड्डा.

चष्मेवाल्यानं चष्मा वर केला आणि पाहिलं. हातोडी बाकावर ठेवली.

ठोक्या पुढच्या बाकाकडे गेला. मग त्याच्या पुढच्या. काही बोलला नाही, बोलून कुणाला कळलंही नसतं. एकेका बाकापाशी ठकठक थांबत गेली. दहा नंबरवरचा पंचविशीतला गडी मान फिरवायला लागला तर ठोक्यानं त्याची हनुवटी धरली आणि त्याला बघायला लावलं.

शेवटी शेडमध्ये एकाच हातोडीचा आवाज उरला, तो सात नंबरचा. मग तोही थांबला.

चष्मेवाल्यानं ओंजळ तोंडाशी नेली आणि खिळे थुंकले. ओंजळीतून ते बाकावर सांडले. "माझ्या इथं आहे काहीतरी," तो म्हणाला. आवाज मोकळा झाला तर तो स्वतःचाच वाटेना. "मला वाटत होतं खिळ्याचं आहे."

मग दुसऱ्यानं थुंकले, मग तिसऱ्यानं. लाकडावर, पत्र्यावर, डब्यात. भर दुपारी गारा पडल्यासारखा आवाज झाला.

"ट्रक उभा आहे!" मुकादम ओरडला. "ए, ट्रक उभा आहे!"

"उभाच आहे ना," सात नंबरवरून उत्तर आलं. "पळून तर जात नाही."

पुरुष उठले आणि फाटकाकडे गेले. आत सोडत नाही तर बाहेर. नर्सबाईनं फाटकाच्या खांबाला पाठ लावली, बॅटरीवरचं रबर घट्ट केलं आणि पहिल्याला म्हणाली, "आ करा." मुकादम थोडा वेळ तिच्या शेजारी उभा राहिला, मग आत जाऊन खोकी मोजायला लागला. अर्ध्या तासात अकरा तोंडं पाहून झाली. चष्मेवाल्याला आणि दहा नंबरच्या गड्याला चौदा दिवस मिळाले. दहा नंबरवाल्याला बजावून सांगितलं, दोन्ही गालांत नाही.

ठोक्या सात नंबरपाशी परत आला. बायकोनं पत्र्यात नवे खिळे ओतले होते आणि हलवत होती. तो बाकाच्या टोकाशी उभा राहिला, तिनं उठावं म्हणून. पाच वर्षं तो तसाच यायचा आणि बाक त्याचा असायचा.

ती उठली नाही.

"तिकडं गाठी असलेल्या फळ्या वेगळ्या काढायच्या असतात," ती म्हणाली. "चांगल्या माझ्याकडे आणायच्या. दोन-दोन नका आणू, चार आणा. मला थांबायला सवड नाही."

"बाक वाझा आहे," तो म्हणाला.

"होता. तोंडातल्या खिळ्यांचं राज्य गेलं. आता हाताचं आहे." तिनं खिळा लावला, दोन ठोके, आत. "उद्या तुमचाही पत्रा करून देते. कुठला बाक रिकामा झाला की तिथं बसा."

त्याच्या सुजलेल्या अर्ध्या चेहऱ्यानं काहीतरी करून पाहिलं. हसायचं होतं ते. टाके ताणले, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो थांबला नाही. मग वळला, ढिगाकडे गेला, आणि गाठ नसलेल्या चार फळ्या निवडून घेऊन आला.